भाषा कशी रुजते आणि कशी जाते
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मे महिना लागला की शाळेच्या कार्यालयात, मशिदीबाहेर, बाजारात, कोठेही भेटले तरी पालक मला एकच प्रश्न विचारतात. "सर, पोराला उर्दूत टाकू, मराठीत टाकू, का इंग्लिश मीडियमला?" या प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही. माझा विषय इतिहासाचा असल्यामुळे मला वाटले की एखादी भाषा दुसऱ्या भाषांवर मात कशी करते, हे एकदा नीट पाहावे आणि मग त्या प्रश्नाकडे वळावे. त्यासाठी आज मी आपल्याला थोडे अमेरिकेत नेणार आहे आणि तेथून परत नांदेडला आणणार आहे.

अमेरिका हा बाहेरून आलेल्या लोकांचा देश. इंग्रज, डच, जर्मन, आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू, चिनी, मेक्सिकन, आणि आता आपले मराठी आणि तेलुगू इंजिनियरसुद्धा. अशा देशात इंग्रजीच का चालली? पुष्कळांची समजूत असते की तेथे तसा कायदा झाला असेल. गंमत अशी की 1776 पासून जवळजवळ अडीचशे वर्षे अमेरिकेच्या केंद्र सरकारने कोणतीच भाषा राजभाषा म्हणून जाहीर केलेली नव्हती. तीसहून अधिक राज्यांनी आपापल्या पातळीवर इंग्रजीला तो मान दिला. पण साऱ्या देशासाठी तसा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढला तो 1 मार्च 2025 रोजी. म्हणजे इंग्रजीचे राज्य पक्के होऊन शतके लोटल्यावर तिला सनद मिळाली!

याविषयी एक दंतकथा सांगितली जाते. जर्मन भाषा एका मताने हरली, नाहीतर आज अमेरिका जर्मन बोलली असती, अशी. ती खरी नाही. व्हर्जिनियातील जर्मन लोकांनी फक्त एवढेच मागितले होते की सरकारने कायद्यांचा जर्मन अनुवाद छापावा. 1795 मध्ये त्या संदर्भातला एक तांत्रिक ठराव 41 विरुद्ध 42 मतांनी पडला, आणि त्यावरून एवढी मोठी कथा रचली गेली. मात्र जर्मन भाषेचे तेथे वजन होते, हे खरे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जर्मन अनुवाद अवघ्या काही दिवसांत फिलाडेल्फियात छापला गेला. सिनसिनाटी शहरात 1840 पासून सरकारी शाळांतून जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत शिकवीत. बेंजामिन फ्रँकलिनने 1732 मध्ये तेथील पहिले जर्मन वृत्तपत्र काढून पाहिले, आणि पुढे 1751 मध्ये त्याच गृहस्थाने तक्रार लिहून ठेवली की हे जर्मन लोक आपल्यालाच जर्मन करून टाकतील. भाषेची भीती ही जगभर सारखीच असते.

मग जर्मन गेली कशी? माझ्या मते पहिले कारण असे की घर आधी कोणी बांधले याला महत्त्व असते. 1607 पासून इंग्रजांच्या वसाहती वसल्या. जमिनीचे दस्त, कोर्ट, कर, सभागृह हे सारे इंग्रजीत बसले. डचांचे न्यू अॅम्स्टरडॅम 1664 मध्ये इंग्रजांनी घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क केले. नंतर जे आले ते तयार घरात आले. दुसरे असे की ते एका भाषेचे नव्हते. 1892 ते 1954 या काळात एलिस बेटावरच्या तपासणी नाक्यातून एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे आत आली. इटालियन मजुराला शेजारच्या पोलिश मजुराशी बोलावयाचे तर कोणत्या भाषेत? ना इटालियनमध्ये, ना पोलिशमध्ये. दोघांची नसलेली भाषाच दोघांना उपयोगी.

तिसरे कारण पोटाचे. हेन्री फोर्डने आपल्या मोटारीच्या कारखान्यात 1914 मध्ये परदेशी कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली. तिच्या पदवीदान समारंभात व्यासपीठावर एक प्रचंड कढई ठेवीत. कामगार आपापल्या देशाच्या वेषात एका बाजूने त्या कढईत उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन सूट घालून, हातात छोटा झेंडा घेऊन बाहेर पडत. आपल्याला आज हसू येईल. पण त्या कामगाराला ती शाळा नको होती असे समजू नका. इंग्रजी आली की कारखान्यात पाऊल स्थिर होते, एवढे त्याला कळत होते. सरकारने फर्मान काढले नसले तरी कारखान्याच्या फाटकाने ते काढले होते.

यात जबरदस्ती मुळीच नव्हती असेही नाही. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसे स्वतःहून आलेली नव्हती. त्यांच्या भाषा तर मळ्यांवरच तुटल्या. तेथल्या मूळच्या आदिवासींची मुले घरापासून दूर वसतिगृहांत ठेवीत. त्यांपैकी कार्लाइल येथील शाळा 1879 ची. तेथे मूल आपल्या आईच्या भाषेत बोलले तर त्याला शिक्षा होई. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू झाला तेव्हा जर्मन भाषेवरही वरवंटा फिरला. नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदा केला की आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा शिकवावयाची नाही. रॉबर्ट मायर नावाचा एक शिक्षक आपल्यासारख्याच एका धार्मिक संस्थेच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचावयास शिकवीत होता. त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. त्याने तो मुकाट्याने भरला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1923 मध्ये तो जिंकला. आईबापांनी मुलाला कोणती भाषा शिकवावी हा त्यांचा अधिकार आहे, असे न्यायालयाने मान्य केले. एक शिक्षक म्हणून मला या मायरचा अभिमान वाटतो.

परंतु मित्रहो, खरी गोष्ट पुढेच आहे. मायर जिंकला, आणि तरीही जर्मन गेली. कायद्याने दिलेला अधिकार घरांनी वापरला नाही. तेथे साधारण तीन पिढ्यांचा हिशोब दिसतो. आजोबा जुनी भाषा बोलतात आणि मोडकी इंग्रजी. मुलगा दोन्ही बोलतो, पण लिहितो इंग्रजीत. नातू आजोबांची भाषा समजतो किंवा तेवढीही समजत नाही. आपले मराठी लोक तेथे गेले, त्यांनी मंडळे काढली, सुटीच्या दिवशी मराठीच्या शाळा भरविल्या. त्या शाळांची गरज पडली याचाच अर्थ तिसऱ्या पिढीचे पाऊल घसरू लागले होते.

हे झाले सातासमुद्रापलीकडचे. आता घरी येऊ.

नांदेड हेसुद्धा एका अर्थी बाहेरून आलेल्या लोकांचे गाव आहे. गुरू गोविंदसिंगजींचे 1708 मध्ये येथे देहावसान झाले, आणि हजूर साहिबमुळे शीख कुटुंबे येथे पिढ्यान्पिढ्या राहिली. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू. देगलूर, उदगीर, निलंग्याकडे कन्नड. किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी. लातूरच्या आडत बाजारात मारवाडी आणि गुजराती. निजामाच्या नोकरीत अरब आणि रोहिले आले. उस्मानशाही मिलने आणखी माणसे आणली. या सगळ्यांना मराठीबरोबर जोडणारी बाजाराची भाषा कोणती होती? दखनी. आपली "नक्को", "हौ" आणि "कायकू"वाली दखनी. त्यातले "नक्को" तर मराठीच्या "नको"चेच भावंड! पुस्तकी उर्दूवाले तिला नाक मुरडतात, पण फळगाड्यावर, गॅरेजमध्ये, आठवडी बाजारात ती कोणाच्याही परवानगीशिवाय चालत आली आहे.

या दखनीच्या डोक्यावर राजभाषा म्हणून उर्दू बसली. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा आधी फारसी होती. 1884 च्या सुमारास तिच्या जागी उर्दू आली. संस्थानात जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलणारे, साधारण पाव हिस्सा मराठी, आणि उर्दू बोलणारे शंभरात दहा-बारा. तरीही कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, आणि साधारणपणे प्राथमिक वर्गांच्या पुढचे शिक्षणही उर्दूत.

1917 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. हिंदुस्थानातल्या इतर बहुतेक विद्यापीठांत त्या वेळी उच्च शिक्षण इंग्रजीतून होते. येथे मात्र एका देशी भाषेतून पदवीपर्यंत शिकविण्याचा निर्धार केला गेला. डॉक्टरी उर्दूत, इंजिनियरिंग उर्दूत, कायदा उर्दूत. इंग्रजी हा सक्तीचा विषय होता, पण माध्यम नव्हे. पुस्तके कोठून आणावयाची? त्यासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे आपल्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, राहून काम केलेले गृहस्थ. शेकडो ग्रंथांचे भाषांतर झाले, हजारो शास्त्रीय शब्द नव्याने घडविले गेले. आज आपण मातृभाषेतून वैद्यकीय शिक्षण द्यावे म्हणून परिसंवाद घेतो. ते काम शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने करून दाखविले होते. ज्यांनी हे केले त्यांना एक गोष्ट अचूक कळली होती. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जी भाषा असते ती खालच्या पायऱ्यांना आपल्याकडे ओढते. म्हणून त्यांनी शिडी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत उर्दूची केली.

मात्र याची दुसरी बाजूही आपण आपल्याच व्यासपीठावरून सांगितली पाहिजे. ती शिडी कंधारच्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाच्या अंगणात लावलेली नव्हती. त्याला आधी एक परकी लिपी ओलांडावी लागे. 1951 च्या जनगणनेतसुद्धा संस्थानात लिहितावाचता येणारे लोक शंभरात दहाच्या आसपास भरले. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. तरीही 1921 मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढे मूळचे कन्नड मुलखातले स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवावयास आले. मुक्तिलढ्यामागे भाषेची ही घुसमटही होती. हे मान्य केल्याने उस्मानियाचे मोठेपण कमी होत नाही, आणि उस्मानियाचे मोठेपण सांगितल्याने ती घुसमट खोटी ठरत नाही. आपल्याकडे दुर्दैवाने एकजण अर्धे सांगतो आणि दुसरा उरलेले अर्धे.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात आले. त्या आधीच्या रझाकारांच्या अत्याचारांनी आणि त्या नंतरच्या सूडाने दोन्हीकडची घरे उद्ध्वस्त झाली. तो आजचा माझा विषय नाही. भाषेपुरते बोलावयाचे तर काही थोड्या वर्षांतच उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. तीस वर्षे घडविलेली परिभाषा कपाटात गेली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1964 मध्ये मराठी राजभाषेचा कायदा झाला. कचेरीतले जे कारकून आणि शाळांतले जे मास्तर उर्दूत वाढले होते, त्यांना चाळिशीत देवनागरीचे धडे गिरवावे लागले. काहींनी ते हसत केले, काही खचले. त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी अशा आजोबांच्या आठवणी असतील त्यांनी त्या लिहून काढाव्यात, असे मला फार वाटते.

आता आपण अमेरिका आणि हैदराबाद शेजारी ठेवून पाहू. तेथे फर्मानाशिवाय भाषा बसली आणि टिकली. येथे फर्मानाने बसली आणि फर्मान गेल्यावर कचेरीतून उठली. कारण तेथे शिडीचे लाकूड रोजच्या कमाईचे होते, येथे ते दरबाराचे होते. पण येथेही जे भाकरीशी आणि बाजाराशी जोडलेले होते ते गेले नाही. दखनी कोठे गेली? ती येथेच आहे. मराठीत मिसळलेले फारसी-अरबी शब्द कोठे गेले? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही आजचा मराठी माणूस अर्जच करतो, दाखलाच काढतो, जामीनच राहतो.

आणि कपाटात गेलेली उर्दूही एकदा अचानक बाहेर आली. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकाळचे दप्तर उघडले. कागद उर्दूत आणि मोडीत. वाचणार कोण? जुन्या घसट्या शिकस्ता अक्षरातली उर्दू वाचू शकणारी माणसे शोधावी लागली. ज्या भाषेला काही लोक फक्त एका समाजाची समजतात, तिच्या कागदांत मराठा शेतकऱ्याच्या आजोबांची जात लिहिलेली होती. राजकारणाची बाजू आपण बाजूला ठेवू. मला त्यातून एवढेच दिसते की वाचता येणारी माणसे संपली की आपलेच कागद आपल्याला मुके होतात.

आता पालकांच्या त्या प्रश्नाकडे येतो. आज शिडीच्या वरच्या पायरीवर इंग्रजी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे नीटच्या तयारीची केंद्रे झाली आहेत. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि 2018 पासून उर्दूतही. तरी बहुसंख्य मुले इंग्रजीच निवडतात, कारण एम.बी.बी.एस.ची पुस्तके इंग्रजीत आहेत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. आमच्या शाळेसारख्या कित्येक शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी-इंग्लिश, आहे. म्हणून इंग्रजी नको असे सांगणारा मी नव्हे. फोर्डच्या कारखान्यातला तो इटालियन मजूर आणि इतवाऱ्यातला आपला रिक्षावाला बाप एकाच शहाणपणाने वागत आहेत.

माझे म्हणणे वेगळे आहे. कित्येक घरांत मी असे पाहतो की पोराला उर्दू आणि मराठी दोन्हीतून काढून दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेत घातले जाते. तेथे शिकविणाऱ्या बाईंनाच इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत. घरी इंग्रजी नाही, गल्लीत इंग्रजी नाही. सातवीपर्यंत मूल धडे पाठ करते, आणि आठवीत आमच्याकडे येते तेव्हा त्याला एकाही भाषेत सलग पानभर वाचून सांगता येत नाही की यात काय लिहिले आहे. अमेरिकेतल्या त्या नातवाने जर्मन गमावली, पण बदल्यात त्याला अस्सल इंग्रजी मिळाली होती. आपल्या या मुलाची एक गेली आणि दुसरी आलीच नाही.

म्हणून ज्याला विचारावयाचे असेल त्याला मी असे सांगतो की मुलाला जी भाषा कळते त्या भाषेत त्याला आधी पक्के वाचावयास येऊ द्या; ती मग उर्दू असो वा मराठी. एका भाषेत वाचता आले की दुसरीत वाचणे सोपे जाते, हा आमचा वर्गातला रोजचा अनुभव आहे. उर्दू माध्यमात असेल तर मराठी तोंडी लावण्यापुरती ठेवू नका. तहसील, पोलीस ठाणे, तलाठी, स्पर्धा परीक्षा, शेजारी आणि मित्र हे सारे मराठीत आहे. ही भाषा कोणी आपल्यावर लादलेली नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद तिच्यात ओव्या रचून गेले. आणि संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण यांनी आपल्या मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकविली, 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी माध्यमात असेल तर घरी उर्दू लिपी शिकविणे थांबवू नका. कुराण शरीफ वाचण्यासाठी अक्षरओळख बहुतेक मुलांना मिळतेच. तिच्यात थोडी भर घातली की उर्दूची गोष्ट वाचता येते. दिवसाला वीस मिनिटे पुरतात. आणि इंग्रजी उत्तम शिकवा, विषय म्हणून. शिकविणारा चांगला आहे की नाही हे स्वतः वर्गात बसून पाहून. शाळेचे फलक, टाय आणि बूट पाहून नव्हे.

मुलींविषयी एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. घरात मुलगा इंग्रजीला आणि मुलगी उर्दूला, अशी वाटणी मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. उर्दूची फी कमी म्हणून. यात मुलीचे नुकसान होतेच, आणि उर्दूवर "स्वस्त भाषा" असा शिक्का बसतो तो वेगळाच. भाऊ आणि बहीण दोघांनाही तिन्ही भाषा द्या.

आमच्या शाळेपुरते सांगावयाचे तर येत्या जूनपासून शनिवारचा शेवटचा तास फक्त वाचनाचा ठेवण्याचे मुख्याध्यापकसाहेबांनी मान्य केले आहे. एक शनिवार उर्दू, एक मराठी, एक इंग्रजी, असा तो फिरत राहील. त्यासाठी बालभारतीची उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांची पुस्तके वर्गात ठेवली जातील. ज्यांच्या घरी उर्दूतून शिकलेले, जुने कागद वाचू शकणारे वडीलधारे आहेत, त्यांनी त्यांची नावे कार्यालयात नोंदवावीत. अशा बुजुर्गांना शनिवारी आणण्या-नेण्यासाठी रिक्षाची सोय शाळा करील. घरात निजामकाळचे खतपत्र, जुनी सनद, परीक्षेचे प्रमाणपत्र असे काही असेल तर त्याची फक्त झेरॉक्स आणावी, मूळ कागद आणू नये.